नवरा गॅरेजमध्ये दारू मोजत बसतो

पत्र :

आम्ही ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. तीन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड झालं आणि आमच्या मिस्टरांना शूटिंग रेंजचा नाद लागला. वर्षभरापासून ते काडतुसंही घरीच भरतात. .२२३, ३०० ब्लॅकआऊट आणि ९ एमएम अशी काडतुसांच्या प्रकारांची तीन नावं मला आता पाठ झाली आहेत. गॅरेजचा अर्धा भाग त्यातच गेलाय. काडतुसातली दारू, म्हणजे पावडर, लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवतात (झाकण घट्ट बसतं म्हणून मीच दिली होती), प्रायमर औषधाच्या बाटलीत ओतून ठेवलेत, आणि भरलेली काडतुसं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत. डब्यांवर टेप चिकटवून ‘चांगले’, ‘जुने’, ‘मार्चचे’ असं लिहिलंय. माझी पिठाची चाळणीही तिकडेच गेली. मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीला सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्यांना बसल्या जागी आवराआवर करायची सवय आहे. डिसेंबरात आम्ही सगळे पुण्याला जाणार आहोत. काही बोललं की हे म्हणतात, ‘तुला त्यातलं काय कळतं?’ मला बंदुकीतलं कळत नाही, पण डबे लावायचं कळतं. हे सगळं पेट घेईल का? आणि नीट लावायचं तर कसं?

– नाव छापू नका

उत्तर :

ताई,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाळणीपाशी हसलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बरणीपाशी थांबलो. मीही वीसेक वर्षं हा उद्योग करतो आणि तुमच्या मिस्टरांनी केलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केलेल्या आहेत. त्यामुळे त्यांची बाजू घेणार नाही.

औषधाच्या बाटलीपासून सुरुवात करू, कारण ते काम आजचं आहे. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी ती इवलीशी टोपी. ठोका बसला की पेटणं हेच तिचं काम. दुकानातून येते तेव्हा प्रत्येक टोपी आपापल्या खाचेत, दुसरीपासून लांब बसलेली असते. कंपनी एवढा पुठ्ठा आणि प्लॅस्टिक उगाच खर्च करत नाही. एक उडाली तर शेजारची उडू नये म्हणून ते अंतर असतं. सगळ्या एका बाटलीत ओतल्या की ते अंतर गेलं. काच असेल तर तुकड्यांची भर. ती बाटली हलवू नका, ओतू नका, मुलाला तर तिच्याजवळ मुळीच जाऊ देऊ नका. फायर डिपार्टमेंटच्या नेहमीच्या नंबरावर (९११ वर नाही) फोन करून विचारा की याचं काय करायचं. त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता बरणी. घट्ट झाकण हा लोणच्याचा गुण, पावडरीचा नाही. आजकालची धूर न करणारी पावडर उघड्यावर पेटली तर भसकन जळते, फुटत नाही. ती फोडायची असेल तर कोंडावी लागते, आणि काडतुसात आपण तेच करतो. काचेची किंवा जाड धातूची घट्ट बरणी म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. कंपनीचा प्लॅस्टिकचा डबा मुद्दाम असा बनवलेला असतो की आतला दाब थोडा वाढला तरी तो फाटावा. याच कारणासाठी पावडर बंदुकीच्या लोखंडी तिजोरीतही ठेवत नाहीत. नवीन माणसाला तीच सगळ्यात सुरक्षित जागा वाटते. लाकडी कपाट बरं.

बरणीचा दुसरा दोष जास्त मोठा आहे. तिच्यावर नाव नाही. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, दोघींचं माप वेगळं, आणि नाव ऐकून माणूस फसतो. काळसर करड्या दाण्यांकडे बघून तर कुणालाच काही ओळखता येत नाही, त्यांना नाही आणि मलाही नाही. ‘मला आठवतंय कुठली होती’ हे वाक्य ऐकून घेऊ नका. मूळ डब्यातून बाहेर येऊन बिननावाची झालेली पावडर बाद. ती कचऱ्याच्या डब्यात किंवा सिंकमध्ये टाकायची नाही, शहराच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला विचारून द्यायची. शंभर डॉलरच्या आतलं नुकसान आहे, सोसा. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा, बाकीचे कपाटात. काम संपलं की मापाच्या यंत्रात उरलेली पावडरही त्याच दिवशी त्याच डब्यात परत. रात्रभर तिथे राहिली की सकाळी तीही बिननावाची.

किती साठा ठेवायचा याला धरबंध आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या संहितेप्रमाणे घरात मूळ डब्यांतली पावडर २० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ९ किलो, ठेवता येते. २० ते ५० पौंड असेल तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत किंवा कपाटात. प्रायमर १०,००० पर्यंत. तुमच्या गावाचा नियम याहून कडक असू शकतो, तो एकदा बघून घ्या. पावडर जुनी झाली की तिचा वास बदलतो. ताज्या पावडरीला स्पिरिटसारखा वास येतो, बिघडलेलीला आंबूस, नाकाला झोंबणारा, आणि दाण्यांवर तांबूस धूळ दिसते. तसा वास आला तर तो डबा घरात ठेवायचा नाही.

तुमचा प्रश्न होता, पेट घेईल का. भरलेल्या काडतुसांपुरतं उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून बरं आहे. घराला आग लागली तर पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यातली काडतुसं लवंगी फटाक्यांसारखी एकेक करून फुटतात. सगळी एकदम उडत नाहीत. बंदुकीची नळी नसल्यामुळे गोळीला वेग मिळत नाही, बहुधा पितळेचा तुकडाच उडतो. अमेरिकेतल्या काडतूस कारखानदारांची सामी नावाची संस्था आहे, तिने अग्निशमनवाल्यांसाठी हे प्रयोग करून दाखवलेले आहेत. (बंदुकीत भरून ठेवलेलं काडतूस मात्र आगीत खरोखरची गोळी झाडतं. भरलेली बंदूक घरात नको याचं हे आणखी एक कारण.)

मला भीती आहे ती तुमच्या आइस्क्रीमच्या डब्यांची.

स्वयंपाकघरात तुम्ही धने-जिऱ्याची पूड आणि गरम मसाला विनालेबलच्या डब्यांत ठेवला तरी झाकण उघडून वास घेता. काडतुसाला वास नाही. एकदा गोळी दाबून बसली की आत कुठली पावडर, किती, दोनदा पडली की पडलीच नाही, काही कळत नाही. कळतं ते फक्त बाहेर लिहिलेल्यावरून. म्हणून भरलेलं काडतूस आणि त्याची चिठ्ठी यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. सगळी मांडणी एवढ्यासाठीच करायची.

त्यात तुमच्या घरी .२२३ आणि ३०० ब्लॅकआऊट एकाच छपराखाली. हे कळल्यावर मला पुढचा सगळा सल्ला त्याभोवतीच द्यावासा वाटला. ब्लॅकआऊट हे काडतूस २०११ मध्ये सामीच्या यादीत आलं. .२२३ च्याच रायफलीत फक्त नळी बदलून चालावं, म्हणून त्याच मॅगझिनमध्ये (काडतुसं भरून बंदुकीला लावायची डबी) बसेल असं ते बेतलंय. सोय म्हणून छान आहे, पण त्यामुळे चुकीचं मॅगझिन लावलं तर बंदूक तक्रार करत नाही. ब्लॅकआऊटची गोळी साधारण ७.८ मिलिमीटर जाडीची, .२२३ ची नळी ५.७ मिलिमीटरची. काही जातींच्या गोळ्या लावलेलं ब्लॅकआऊटचं काडतूस त्या नळीत बसतं आणि घोडा दाबला की रायफल हातातच फुटते. रेंजवर असे प्रकार झालेले आहेत.

घरी भरणाऱ्याकडे या धोक्यात आणखी एक मेख आहे. ब्लॅकआऊटच्या केसा (केस म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं) पुष्कळदा .२२३ च्या रिकाम्या केसा कापून करतात. .२२३ ची केस ४४.७ मिलिमीटर लांब, कापल्यावर ३४.७ उरते. पण बुडावरचा शिक्का तसाच राहतो! म्हणजे काडतूस ब्लॅकआऊटचं आणि बुडावर लिहिलेलं ‘.२२३’. कारखान्यातला माल बुड बघून ओळखता येतो, तुमच्या डब्यातला ओळखता येणार नाही. मिस्टरांना विचारा, त्यांनी अशा केसा कापल्यात का. मला वाटतं कापल्या असणार, कारण फुकटची केस सोडवत नाही.

यावर माझ्याकडे एकच इलाज आहे आणि तो तुमच्या हातचा आहे : रंग. ब्लॅकआऊटचं सगळं एका रंगाचं. डबे, लेबलं, मॅगझिनं, मॅगझिनवर ओढायची रबरी पट्टी, अगदी पेनसुद्धा. समजा लाल. घरात दुसरी कुठलीच गोष्ट त्या रंगाची नाही, आणि ब्लॅकआऊटची एकही गोष्ट बिनरंगाची नाही. ब्लॅकआऊटचं फडताळ वेगळं, आणि रेंजवर एका दिवशी दोन्ही रायफली न्यायच्या नाहीत. मिस्टर म्हणतील, एवढं कशाला. त्यांना शॉटगनचं सांगा. अमेरिकेत २० गेजची काडतुसं (गेज हे नळीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक) पिवळी असतात, कारण ती १२ गेजच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतात. वरून माणूस रिकामी समजून १२ चं भरतो आणि नळी फुटते. अख्ख्या धंद्याने मिळून एक रंग त्यासाठी बाजूला ठेवला. तुम्ही तर फक्त एका गॅरेजचं ठरवताय.

आइस्क्रीमचे डबे फेकून द्या. आत खाचा असलेले ५० किंवा १०० काडतुसांचे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, ते घ्या. एमटीएम कंपनीचे सगळीकडे दिसतात, फार महाग नाहीत. खाचांचा फायदा म्हणजे एकच उंच किंवा एकच बुटकं काडतूस पन्नासांत चटकन डोळ्यांत भरतं, पिशवीत ते दिसत नाही.

लेबलावर काय लिहायचं? काडतुसाचं नाव, गोळीची जात आणि वजन, पावडरीचं पूर्ण नाव आणि माप, पावडरीच्या डब्यावरचा लॉट नंबर, प्रायमर कुठला, केस कुठली आणि कितव्यांदा भरली, काडतुसाची एकूण लांबी, आणि तारीख. तारखेत महिना अक्षरांत लिहा. आपल्या माणसाने लिहिलेलं ०३/०७ हे सात मार्च की तीन जुलै, हे सहा महिन्यांनी त्यालाही सांगता येत नाही, कारण ऑफिसात एक सवय आणि घरात दुसरी. शिवाय एक क्रमांक, आणि तोच क्रमांक मिस्टरांच्या वहीत, जिथे सगळा तपशील आणि रेंजवर ते कसं चाललं ते लिहिलेलं असेल. झाडून पाहिलेलं नसेल तर लेबलावर ‘अजून तपासलं नाही’ असं मोठ्या अक्षरांत. ‘चांगले’ म्हणजे काय? कशात चांगले?

आणि लेबल झाकणावर लावायचं नाही. हे मी किंमत मोजून शिकलो. पंधराएक वर्षांपूर्वी घर बदलताना माझे दोन सारखे डबे उघडे पडले, पोरांनी मदत म्हणून झाकणं लावून दिली आणि अदलाबदल झाली. दोन्ही डब्यांत .३०८ चीच काडतुसं, गोळीही एकच, पावडर वेगळी. मला आधी वाटलं वजनावरून ओळखू, पण केसांच्या वजनातच एवढा फरक असतो की काही उमगेना. शेवटी एकशे ऐंशी काडतुसं एकेक करून सोडवली. त्याला एक प्लॅस्टिकचा हातोडा मिळतो. त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटायचं, की गोळी आणि पावडर खाली येते. तीन संध्याकाळी ठकठक चालू होती, बायको खाली टीव्हीचा आवाज वाढवत होती. गोळ्या आणि केसा वाचल्या, पावडर गेली. तेव्हापासून एक लेबल डब्याच्या अंगावर आणि एक चिठ्ठी आत.

तुमच्या ‘जुने’ डब्याचं हेच करावं लागणार. वही नसेल तर ‘मार्चचे’ आणि ‘चांगले’ यांचंही. ही काडतुसं झाडून संपवू असं मिस्टर म्हणतील. नाही म्हणा. तोवर त्या डब्यांवर ‘झाडू नये’ लिहून वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. हातोडा वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा.

आता जागा. ह्यूस्टनचं गॅरेज ही काडतुसाला नकोशी जागा आहे. उन्हाळ्यात भट्टी आणि बाराही महिने दमट. पावडरीला उष्णता मानवत नाही, पितळेला ओल. घरात, एसीच्या हवेत, आतल्या खोलीतलं कुलूप लागेल असं कपाट सगळ्यांत उत्तम. माळा नको. प्लॅस्टिकचे डबे रबरी गास्केट असलेल्या लष्करी पद्धतीच्या पत्र्याच्या पेटीत घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पेटी कोरड्या दिवशी एसीच्या खोलीत बंद करा, नाहीतर दमट हवाच आत कोंडाल. पेट्या खालच्या फळीवर. ९ एमएमची हजार काडतुसं म्हणजे बारा किलोच्या आसपास, पिठाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा जड.

पितळेचं आपल्याला नव्याने सांगायला नको, कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं हे तुम्ही सासूबाईंकडून ऐकलं असेलच. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवली तर तशीच हिरवी चढतात. पण पितळेचा खरा वैरी अमोनिया. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात. दारूगोळा तबेल्यांत ठेवलेला असे. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत मिसळे आणि ठोकून ताणलेलं पितळ चिरे. कारण नीट उलगडायला १९२१ उजाडलं. तुमच्या गॅरेजमध्ये घोडा नाही, पण ब्रासोची बाटली असेल. समईला लावायचं ते ब्रासो केसांना लावायचं नाही, त्यात अमोनिया असतो. केस चकाकते आणि आतून कमकुवत होते.

केसा साफ करायला मिस्टर यंत्रात अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालत असतील आणि तुमची चाळणी त्यासाठीच गेली असणार. ती परत मागू नका. झाडलेल्या केसांवर प्रायमरचं शिसं असतं, ते त्या भुग्यात आणि धुळीत उतरतं, आणि शिसं लहान मुलांना सगळ्यांत वाईट. तो भुगा गॅरेजच्या बाहेर, मोकळ्या हवेत चाळायचा. जमीन ओल्या फडक्याने पुसायची, घरातल्या व्हॅक्यूमने नाही. टेबलाशी चहा-चिवडा बंद. साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. आणि तिथलं भांडं, चमचा, गाळणं काहीही परत येणार नाही. नवीन चाळणी घ्या, भारी घ्या, बिल मिस्टरांच्या छंदाच्या खात्यावर टाका.

मुलासाठी : बंदुका रिकाम्या, एका कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या किल्लीने. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे. सासूबाईंच्या हाताला काही लागू नये म्हणूनही कुलूपच. नुसतं ‘आई, त्या कपाटाला हात लावू नका’ म्हणालात तर दुसऱ्या दिवशी ते कपाट पुसून चकचकीत झालेलं असेल.

डिसेंबरची काळजी मला जास्त वाटते. रेंजवर नेतात ती बॅग विमानात न्यायची नाही, रिकामी करूनही नाही. अस्तराच्या फटीत एक काडतूस राहतं आणि विमानतळावरचं यंत्र ते शोधून काढतं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय एक काडतूस जवळ असणंही पुरेसं आहे. नजरचुकीने राहिलं हे पुढे कोर्टात पटवता येतं, अनेकांनी पटवलंय, पण तोवर तुमची सुट्टी वकिलाकडे जाते. भाच्यांना कीचेन म्हणून रिकाम्या केसा न्यायचा विचारही नको. त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भागही येतात. आणि हा उद्योग पुण्यात कुणाला शिकवायला जाऊ नका. तिथे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं कलम ५ खाली येतं.

अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला परवाना लागत नाही, विकायचा धंदा करायला लागतो. मित्राला पैसे घेऊन एक डबाही देऊ नये, आणि फुकटही देऊ नये असं मी म्हणेन. तुमच्या घरातल्या डब्यांवर काय लेबलं आहेत ते आठवा. तुमचं ग्रीन कार्ड आहे ते बरं झालं. इतर वाचकांसाठी एवढंच की एच-वन बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा वैध परवाना वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूकच नव्हे, काडतूस बाळगायलाही संघीय कायद्याने मनाई आहे. मित्राचं काडतूस ‘आठवण’ म्हणून खिशात घालून घरी आणलं तरी.

राहिलं ‘तुला त्यातलं काय कळतं’. त्यावर भांडू नका. शनिवारी दुपारी त्यांच्यासमोर ‘चांगले’चा डबा ठेवा, त्यातलं कुठलंही एक काडतूस उचला आणि विचारा, यात कुठली पावडर आहे आणि किती? त्यांनी वही उघडून सांगितलं तर मी हरलो. ते विचार करायला लागले तर हातोड्याची ऑर्डर तिथेच द्या.

आणि सासूबाई यायच्या आत घरात ‘पावडर’ म्हणायची सवय लावा. फोनवर ‘हे गॅरेजमध्ये दारू मोजतायत’ असं सहज निघून गेलं, तर कराडहून अख्खं घर दिवाळीची वाट न बघता निघेल.